सोंगच्या राजाचा दाखला

फ्रिजमधला थर्मामीटर काल आठ अंश दाखवत होता, आज अकरा. वीज येत-जात होती, आणि वरच्या कप्प्यात शेजारच्या इद्रीसभाईंच्या इन्सुलिनच्या शेवटच्या तीन बाटल्या होत्या.

इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्याला सहा आठवडे झाले होते. मराठी मंडळानं ठरवलेली जॉर्डनमधल्या अम्मानची बस कुवेत शहरातल्या शर्क भागात आमच्या इमारतीखाली उभी होती. भरलेली असो वा रिकामी, ड्रायव्हर बारा वाजता निघणार होता. वर, फ्रिज होता त्याच खोलीत, मंडळाची तातडीची सभा चालू होती. तातडीच्या सभेची सात दिवसांची नोटीस रीतसर देऊन झाली होती. मी चिटणीस असल्यानं इतिवृत्त लिहीत होते.

साडेदहाला गणपूर्ती झाली. अकराला मागील इतिवृत्त दुरुस्तीसह कायम झालं. मग सभासद हरीशनं सभा 'तातडीची' की 'विशेष' हा मुद्दा काढला. त्यावर अर्धा तास गेला.

इद्रीसभाईंच्या पत्नी ताहिराभाभी रत्नागिरीच्या. सभासद नसल्यानं त्या बसमध्ये बसण्याच्या परवानगीसाठी नवऱ्यासह दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी घड्याळ दाखवलं. तेव्हा अध्यक्ष बाळासाहेबांनी प्राचीन चीनमधल्या सोंगच्या राजाचा दाखला दिला.

"कसलं सोंग?" ताहिराभाभींनी विचारलं.

"राज्याचं नाव आहे, वहिनी."

शत्रू नदी ओलांडत होता. सरदार म्हणाले, आत्ताच हल्ला करू. राजा म्हणाला, पाण्यात असलेल्यांवर नाही. शत्रू काठावर आला. राजा म्हणाला, आधी त्यांना नीट रांगा लावू द्या.

"मग जिंकला?"

बाळासाहेब चष्मा पुसू लागले. सैन्याची दाणादाण उडाली आणि राजाच्या मांडीला जखम झाली, असं मी सांगितलं.

"पण नियम मोडला नाही," बाळासाहेब म्हणाले. "हे इतिवृत्तात घ्या."

मी घेतलं.

ताहिराभाभींनी फ्रिज उघडला, बाटल्या थर्मासमध्ये ठेवल्या आणि नवऱ्याचा हात धरला. "आमाला अनुमोदन नको, बाळासाहेब. आमी चाललो."

बारा वाजता बस गेली. जागा पंचेचाळीस, प्रवासी दोन. दाराला कडी नव्हती, पण चालू सभेतून उठणं बरं दिसत नाही, म्हणून आमच्यातलं कुणी उठलं नाही. आपल्या सोसायटीच्या गेल्या सभेत शेवटपर्यंत बसलेल्या वाचकांनी कृपया हसू नये.

सव्वाबाराला सूचक मिळाला, वीस मिनिटांनी अनुमोदक. बाळासाहेब उभे राहिले.

"ठराव एकमतानं संमत. बसनं आजच निघायचं."