प्रतिपदेची कोर

वारज्यातल्या चंद्रकोर सोसायटीची दिनदर्शिका दर वर्षी रहिवाशांनीच काढलेल्या फोटोंची असते. गेल्या वर्षी मुखपृष्ठावर भैरूआण्णा दांगटांचा धनेश पक्षी आला आणि देवस्थळी सरांच्या सूर्यास्ताला फेब्रुवारीचं पान मिळालं. इतर महिन्यांपेक्षा दोन-तीन दिवस कमी, शिवाय अर्ध्या सूर्यावर प्लंबर आणि लिफ्टवाल्याचे फोन नंबर छापलेले. सरांनी ते पान एप्रिलपर्यंत उलटू दिलं नाही, त्यामुळे त्यांच्या पत्नी हेमाताईंची एक संकष्टी चुकली.

श्यामसुंदर देवस्थळींनी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि फोटो तर ते रोल धुवायला टाकावे लागत तेव्हापासून काढत होते. भैरूआण्णांनी कॅमेरा हातात धरला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. सोसायटीची जमीन पूर्वी त्यांची, तिथं ते ज्वारी घेत. आता सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत आणि हाताएवढी लांब लेन्स घेऊन फिरत. कोणत्या झाडाच्या ढोलीत कोण राहतं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. सरांच्या मते याला फोटोग्राफी म्हणत नाहीत, शेजाऱ्यांची माहिती म्हणतात.

या वर्षी सोसायटीची सचिव कादंबरी हिने ग्रुपवर कळवलं की मुखपृष्ठावर खरीखुरी चंद्रकोर हवी. अगदी बारीक, नखासारखी. महिनाअखेरीपर्यंत फोटो पाठवावेत.

सरांनी पंचांग काढलं. अमावस्या गुरुवारी संपत होती. लोक शनिवारी बीजेची कोर काढणार, पण तोवर ती चांगली जाडजूड झालेली असणार. खरी नखासारखी दिसणार ती शुक्रवारी, प्रतिपदेला, सूर्य बुडाल्यावर जेमतेम अर्धा तास. हे सोसायटीत आपल्याशिवाय कुणाला कळणं शक्य नाही, याबद्दल सरांना खात्री होती. त्यांनी ही गोष्ट हेमाताईंनाही सांगितली नाही. दोन दिवस ते न्हाणीघराच्या खिडकीतून पश्चिमेकडे का बघतायत, असं त्यांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, कबुतरं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ट्रायपॉड चटईत गुंडाळला, कॅमेरा कापडी पिशवीत घातला आणि वरून स्वयंपाकघरातली मेथीची जुडी ठेवली. खाली जाऊन रखवालदाराकडे गच्चीची किल्ली मागितली. तो म्हणाला, गच्ची उघडीच आहे, आण्णा शेंगा वाळवायला गेलेत.

नोव्हेंबरच्या अखेरीला, संध्याकाळी साडेपाच वाजता.

सर वर पोचले तेव्हा भैरूआण्णा पश्चिमेच्या कठड्यापाशी एका पोत्याशेजारी बसले होते. शेंगा कुठंच नव्हत्या.

"शेंगा वाळवताय म्हणे," सर म्हणाले.

"व्हय. ऊन चांगलं हाय." ऊन आता फक्त पाण्याच्या टाकीच्या वरच्या कडेवर उरलं होतं. "अन् तुमी?"

"मेथी निवडायला आलो. वर हवा असते."

मग दहा मिनिटं दोघंही एकमेकांच्या सामानाकडे बघत बसले. सूर्य डोंगरामागे गेला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. आण्णांनी सुस्कारा सोडला आणि पोत्यातून लेन्स आणि ट्रायपॉड बाहेर काढला. सरांनी मेथी बाजूला ठेवून चटई उलगडली.

पश्चिमेला मोकळी जागा एकच होती, टाकी आणि सोलरच्या पत्र्यांच्या मधली. तिथं एक माणूस आरामात उभा राहू शकतो. दोन माणसं आणि त्यांचे तीन-तीन पायांचे ट्रायपॉड उभे करायचे तर पायात पाय घालावेच लागतात. आण्णांच्या ट्रायपॉडचा एक पाय सरांच्या ट्रायपॉडच्या दोन पायांत गेला आणि तसाच राहिला. मागे कुणीच सरेना.

बारीक कोर काढायची म्हणजे ती आधी डोळ्यांनी हुडकावी लागते. फिकट उजेडात कॅमेऱ्याला ती स्वतःहून सापडत नाही, तो नुसता घरघरत राहतो. सरांना हे ठाऊक होतं. त्यांनी क्षितिजावर नजर लावली. वर निळसर, खाली नारिंगी, मध्ये काहीच नाही. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"दिसली का, सर?" आण्णांनी विचारलं.

"केव्हाच," सर म्हणाले. "तुम्हाला?"

"मला तर तुमच्या आदी."

सरांनी तिरक्या नजरेनं आण्णांची लेन्स कुठं रोखली आहे ते पाहिलं. आपल्यापेक्षा वीतभर डावीकडे. म्हणजे कोर तिथं असणार. त्यांनी सहज वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखं करून कॅमेरा वीतभर डावीकडे वळवला. आण्णांनी ते बघितलं. भूगोलाचा मास्तर उगाच वळवणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनीही लेन्स डावीकडे नेली, आणि नक्कल केली असं दिसू नये म्हणून आणखी थोडी पुढे. सरांनी ते पाहिलं आणि तेही आणखी डावीकडे गेले.

अशा रीतीनं पाव तासात दोन्ही कॅमेरे पश्चिमेचा डोंगर सोडून, महामार्गाचे दिवे ओलांडून, सिंहगडाच्या दिशेला येऊन थांबले. तिथं सरांनी अकरा फोटो काढले. आण्णांनीही बटण दाबण्यात कुचराई केली नाही.

"अप्रतिम," सर पुटपुटले.

"लई नाजूक," आण्णा म्हणाले.

खाली हेमाताई रात्रीच्या भाजीला लागल्या होत्या आणि मेथी सापडत नव्हती. फ्रीज, ओटा, बाल्कनी सगळं बघून झालं. शेवटी त्यांनी रखवालदाराला फोन केला, कुणी विसरून खाली ठेवली आहे का म्हणून. तो म्हणाला, सर मेथी घेऊन गच्चीवर गेलेत. त्या तडक वर निघाल्या; वरच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताच त्यांना आण्णांच्या पत्नी शालनताई भेटल्या. त्या चहाला बोलवायला निघाल्या होत्या. दोघी गच्चीच्या दारातून बाहेर आल्या आणि तिथंच थबकल्या.

"अगं बाई," हेमाताई म्हणाल्या, "किती नाजूक आहे बघा." शालनताईंनी हात जोडले.

आवाज मागून आला म्हणून दोघं पुरुष वळले. बायका पश्चिमेकडे बघत होत्या.

"तुम्ही दोघं तिकडे कशाचे फोटो काढताय?" हेमाताईंनी विचारलं.

"सिंहगडाच्या बाजूचा उजेड मोजत होतो," सर म्हणाले.

"मोजाय लागतो," आण्णांनी दुजोरा दिला.

"मोजून झाला असेल तर इकडे काढा. ती खाली चाललीये."

दोघंही एकाच वेळी फिरले. आण्णांनी आपला ट्रायपॉड उचलला, त्याबरोबर सरांचाही उचलला गेला. सरांनी आपला ओढला, तर आण्णांची लेन्स कठड्याबाहेर डोकावून आली. शालनताईंनी ती पट्ट्याला धरून आत घेतली. सरांचा कॅमेरा आडवा झाला तो सुदैवानं मेथीवर. गुंता सुटेपर्यंत पाच मिनिटं गेली आणि नारिंगी पट्टा करडा व्हायला लागला.

"त्या निळ्या इमारतीच्या बरोबर वर," हेमाताईंनी बोट दाखवलं. "दोन बोटं सोडून."

सरांना निळी इमारत दिसली, म्हणजे काहीतरी निळं दिसलं. ते म्हणाले, "हो, हो, आली लक्षात." हेमाताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सर भलतीकडेच बघून मान डोलावत होते. त्यांनी कॅमेरा आपल्या हातांनी फिरवला, मागच्या पडद्यावर पांढरा धागा आल्यावर थांबल्या, लेन्सचं कडं हळूहळू फिरवून तो धागा रेखीव केला आणि म्हणाल्या, "दाबा."

सरांनी दाबलं. शेजारी शालनताई आण्णांची मान दोन्ही हातांनी धरून म्हणत होत्या, "हितं. आवो, हितं." तिकडेही बटण दाबल्याचा आवाज आला. मग कोर धुरकट पट्ट्यात शिरली आणि गेली.

घरी सरांनी फोटो कॉम्प्युटरवर घेतले. पहिल्या अकरांत गडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा होता. बारावा उघडला आणि ते खुर्चीत पुढे सरकले. रेशमाच्या तारेसारखी कोर होती, आणि तिच्या कुशीत उरलेला चंद्र अगदी पुसट, राखाडी. तो उजेड पृथ्वीवरून परतून चंद्रावर पडलेला असतो, हे त्यांनी बत्तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. आज त्यांच्याच गच्चीवरून तो दिसण्यासारखा होता आणि त्यांना तो आता, जेवणाच्या वेळेला, खुर्चीत बसून दिसत होता. हेमाताईंनी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता. शालनताईंनीही. दोघी मेथी शोधायला आणि चहाला बोलवायला आल्या होत्या, तयारी काहीच नव्हती. सरांना बायकोच्या डोळ्यांचा असा काही हेवा वाटला की जेवायची इच्छा उरली नाही.

"हेमा," ते शेवटी म्हणाले, "मला वर ती दिसलीच नव्हती."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"दिवाळीत तुम्ही शंकरपाळ्यांचा भरलेला डबा समोर घेऊन शंकरपाळे संपले म्हणालात तेव्हा संशय आला. आज खात्री झाली. सोमवारी दहाला डॉक्टरांकडे जायचंय."

सरांनी मुकाट्यानं मान्य केलं. एकच अट घातली, भैरूआण्णांना हे कळता कामा नये. हेमाताई म्हणाल्या, मी त्यांच्याशी एक शब्दही बोलणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. त्या फक्त शालनताईंशी बोलल्या.

सोमवारी कर्वेनगरच्या दवाखान्यात सरांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाकावर बसवलं. हेमाताई पैसे भरायला खिडकीशी गेल्या. समोरचं सगळं दुधात बुडाल्यासारखं झालं होतं. शेजारी कुणीतरी जाडसर गृहस्थ डोळे मिटून बसले होते.

"कोण, सर का?" गृहस्थ म्हणाले.

सरांनी आवाज ओळखला. चष्म्याचा नंबर बघायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. आण्णा म्हणाले, डोळ्यात कुसळ गेलंय. तेवढ्यात नर्सनं मोठ्यानं विचारलं, "मोतीबिंदूचे दांगट आणि देवस्थळी कोण?" दोघांनीही हात वर केले.

नर्सनं दोघांची नावं लिहून घेतली.

"सर," आण्णांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी तुमाला खरंच दिसली हुती का?"

"नाही. तुम्हाला?"

"न्हाय. मी तुमच्या मागं मागं फिरत हुतो."

"आणि मी तुमच्या."

आण्णांचं पोट हसून हलायला लागलं, बाक हलला, त्याबरोबर सरही हसले. इतक्या वर्षांत दोघं एकाच गोष्टीला पहिल्यांदा हसत होते. तेवढ्यात दोघांच्याही फोनवर एकदम निरोप आला. वाचता कुणालाच येईना, म्हणून नर्सनं वाचून दाखवला. कादंबरीनं लिहिलं होतं की तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो सुरेख आहेत, पण दांगटकाकांचा थोडा हललाय, तेव्हा मुखपृष्ठावर देवस्थळी सरांची कोर.

आण्णांनी सरांचा हात चाचपून धरला आणि मनापासून दाबला. सरांना भरून आलं. मोठ्या मनानं त्यांनी सांगितलं की तुमचा धनेशही तसा बरा होता.

मग दोघांनाही आत बोलावलं, हेमाताईही मागोमाग आल्या. डॉक्टरांनी आधी आण्णांची हनुवटी यंत्रावर टेकवली. बराच वेळ ते यंत्राची चकती फिरवत राहिले. नंतर त्यांनी शेजारच्या खोलीतून तीन शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली.

"या, बघून घ्या. इतका पिकलेला आता शहरात बघायला मिळत नाही."

तिघं रांगेनं यंत्रात डोकावले. एक मुलगी "किती सुंदर" असं म्हणाली. डॉक्टरांनी यंत्राला कॅमेरा जोडला आणि आण्णांची परवानगी मागितली. पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद होती, तिथं हा फोटो ते मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. आण्णा म्हणाले, दाखवा की, आपलं काय जातंय.

मग सरांची पाळी आली. डॉक्टरांनी दोन्ही डोळे अर्ध्या मिनिटात बघितले.

"नेहमीचा आहे," ते म्हणाले. "काळजीचं कारण नाही. पंधरा दिवसांत करून टाकू."

हेमाताईंना हायसं वाटलं. त्यांनी पिशवी उचलली आणि सरांच्या दंडाला धरलं. पण सर हनुवटी हलवेनात. शिकाऊ डॉक्टर अजून आण्णांभोवती उभे होते.

"डॉक्टर," सर खालच्या आवाजात म्हणाले, "मला घाई नाही. डाव्या डोळ्याचा एखादा फोटो काढून तर बघा."