समन्वय-पत्र आणि मास्तरांचा गुडघा

माणसाच्या शरीरात दोनशे सहा हाडं असतात आणि त्यांतलं एकही संबंधित विभागाची पूर्वपरवानगी घेऊन मोडत नाही. त्यामुळे शिस्त लावायची ती मोडल्यानंतरच लावावी लागते. चौकापलीकडच्या मोठ्या रुग्णालयाने ती इतकी चोख लावली होती, की बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येत (बहुतेक जण येताना काहीतरी मोडूनच येत).

व्यवस्था सोपी होती. हाड डॉक्टरांचं, स्नायू थेरपिस्टबाईंचे आणि दुखणं रुग्णाचं. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसत, बाई तळमजल्यावर. दोघांत समन्वय राहावा म्हणून प्रत्येक रुग्णाला एक पिवळं कार्ड मिळे, त्याला समन्वय-पत्र म्हणत. डावा रकाना डॉक्टरांचा, उजवा बाईंचा, आणि कार्डाची ने-आण रुग्णाची. मात्र दुसऱ्याच्या रकान्यात डोकावणं म्हणजे दुसऱ्या विभागाच्या कामात हस्तक्षेप, हे परिपत्रक क्रमांक सतराने स्पष्ट केलं होतं. दोघंही सभ्य माणसं. शेजारच्या रकान्यावर तळहात ठेवून ती आपापला रकाना भरत आणि मग रुग्णालाच विचारत, "काय म्हणाले ते?" रुग्णाला उपचारात सहभागी करून घेणं म्हणतात ते हेच.

या व्यवस्थेत टेलरमास्तर दाखल झाले ते गुडघ्याची वाटी फोडून घेऊन. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायला ते स्टुलावर चढले होते. तागा फळीवरच राहिला, मास्तर तेवढे खाली आले. ऑपरेशन झालं, वाटी तारेने बांधली गेली आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर त्यांच्या हातात पिवळं कार्ड पडलं.

मास्तरांचा सगळा जन्म पायमशीनवर गेलेला. पायमशीनला गुडघा लागतो, आणि तोही वाकणारा. थेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काका, तीन महिन्यांच्या आत हा नव्वद अंशांत वाकला पाहिजे. तोवर नाही वाकला तर पुढे फार जड जाईल." आणि मग त्यांनी तो वाकवून दाखवला. मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आजवर गिऱ्हाइकांना त्यांनी "उद्या नक्की" असं हजारदा सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ते मनापासून म्हटलं.

"घाई करायची नाही," बाई म्हणाल्या, "पण घरी रोज तीन वेळा करायचं."

कार्ड घेऊन मास्तर लिफ्टने वर गेले. डॉक्टर क्ष-किरणाची फिल्म उजेडासमोर धरून तिच्याकडे कौतुकाने बघत होते. "वा, सुरेख. बाई काय म्हणाल्या?"

"बाई म्हणाल्या, घाई करायची नाही."

यात खोटं काही नव्हतं. मास्तरांनी वाक्य फक्त निम्म्यावर कापलं होतं, आणि कापणं हा तर त्यांचा धंदाच. डॉक्टरांनी मान डोलावली. "त्यांचं बरोबर असतं. जपा अजून थोडं, जड काही उचलू नका. वाकवायचं मात्र चालू ठेवा."

मास्तर खाली आले. "काय म्हणाले डॉक्टर?" बाईंनी डाव्या रकान्यावर तळहात ठेवून विचारलं.

"जपा म्हणाले अजून थोडं."

बाईंना जरा नवल वाटलं. पण हाड डॉक्टरांचं होतं. त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यावर गरम पिशवी ठेवली आणि उजव्या रकान्यात लिहिलं : 'शल्यविभागाच्या सूचनेनुसार विश्रांती.' मास्तरांना त्या पिशवीखाली अशी गाढ झोप लागली, की शेवटी त्यांना उठवून घरी पाठवावं लागलं.

पुढचे दहा आठवडे असे गेले की दोन विभागांतल्या सहकार्यावर कोणी प्रबंध लिहावा. खालून वर 'घाई नको' जायचं, वरून खाली 'जपा' यायचं. डॉक्टरांना बाईंच्या संयमाचं कौतुक वाटे आणि बाईंना डॉक्टरांच्या सावधपणाचं. मास्तर हे कौतुक मात्र अगदी पूर्ण, एक शब्दही न कापता पोचवत.

घरी बायको रोज सकाळी आठवण करायची. "अहो, तो व्यायाम?"

"अगं, दोघांनीही थांबवलाय. मोठी माणसं आहेत, त्यांच्या पुढे आपण कशाला शहाणपणा करायचा?"

ती बापडी पायाखाली उशी सरकवून दुकान उघडायला जाई. आडव्या पडलेल्या मास्तरांना तेवढ्या वेळापुरती आपली लाज वाटे. मग चहा येई.

याच सुमारास रुग्णालयाने पाहणी केली. दोनशे चाळीस रुग्णांना सात प्रश्न विचारण्यात आले. उपचार सुखद वाटले, असं चौऱ्याण्णव टक्के म्हणाले. उरलेल्या सहा टक्क्यांनी खूप दुखल्याची तक्रार केली (हे सहा टक्के पुढे हिंडूफिरू लागल्याने त्यांचा पाठपुरावा करता आला नाही). बरं वाटलं का, हा प्रश्न जागेअभावी छापला नव्हता. सर्वांत समाधानी रुग्ण म्हणून टेलरमास्तरांची एकमताने निवड झाली, कारण त्यांच्या बाबतीत एका विभागाची दुसऱ्याविरुद्ध अवाक्षराचीही तक्रार नव्हती.

सत्कार खालच्या दालनात झाला. मास्तरांना मधल्या खुर्चीत बसवलं, डावीकडे डॉक्टर उभे राहिले, उजवीकडे थेरपिस्टबाई. इतकी वर्षं एकाच इमारतीत काम करून ही दोघं इतक्या जवळ प्रथमच उभी होती. ओळख प्रमुख पाहुण्यांनी करून दिली.

फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "काका, पाय जरा आत घ्या."

मास्तरांनी हसून दाखवलं.

"काका, पाय. फोटोच्या बाहेर जातोय."

पाय समोर सरळ पसरलेला होता, एखाद्या फळीसारखा. मास्तरांनी दोन्ही हातांनी मांडी धरून ओढली. खुर्ची पुढे सरकली, पाय होता तसाच राहिला. डॉक्टर खाली वाकून बघू लागले. मग त्यांनी परिपत्रक क्रमांक सतराचा सरळ भंग केला आणि बाईंना विचारलं, "तुम्ही अजून वाकवायला सुरुवात केली नाहीत?"

"मी? तुम्हीच जपायला सांगितलं होतं ना."

"मी वाकवायलाही सांगितलं होतं."

"मीही रोज तीन वेळा करायला सांगितलं होतं."

मग दोघांनी एकदमच मास्तरांकडे पाहिलं. नेमका त्याच क्षणी फोटो निघाला. तो आजही दालनात लावलेला आहे आणि त्याखाली 'आदर्श समन्वय' असं लिहिलेलं आहे.

कोन मोजायच्या पट्टीने गुडघा मोजला तेव्हा तो पस्तीस अंशांवर अडला. तीन महिने भरायला चार दिवस उरले होते. मास्तरांनी सगळं कबूल केलं. बायको बाजूलाच उभी होती. मास्तरांच्या जिव्हारी लागलं ते तेच.

भूल देऊन डॉक्टरांनी गुडघा मोकळा केला. दुसऱ्या दिवसापासून ते रोज दोन मजले उतरून खाली येऊ लागले. त्यांच्या समोर बाई तो वाकवत आणि बायको आकडे मोजी. मास्तर ओरडत. गुडघा बाहत्तरपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मशीनला अठरा अंश कमी पडले. आता मशीनवर बायको बसते. मास्तर उभ्याने कापड कापतात आणि तिच्या पायांकडे बघत नाहीत.

रुग्णालयाने यातून बोध घेतला. पिवळं कार्ड बंद झालं. डॉक्टर आणि बाई आता फोनवर एकमेकांशी थेट बोलतात, आणि सांगितलेला व्यायाम झाला की नाही ते दोन्हीकडे एकाच वेळी कळतं.

यावर रुग्णांमध्ये संतापाची लाट उसळली. आठवड्याभरात अर्ज तयार झाला : दोन्ही विभागांचं परस्पर बोलणं हा रुग्णाच्या खासगी आयुष्यावरील घाला असून पूर्वीची रुग्णस्नेही पद्धत विनाविलंब पूर्ववत करावी. पहिली सही सर्वांत समाधानी रुग्णाची हवी, म्हणून सगळे जण दुकानात गेले. मास्तरांनी अर्ज वाचून खाली ठेवला.

"मी दोघांनाही गप्प ठेवून दाखवलं," ते म्हणाले. "हा पाय बघा, आणि मग करा काय सह्या करायच्या त्या."

सगळ्यांनी पाय बघितला, हळहळ व्यक्त केली आणि तिथल्याच कापायच्या टेबलावर अर्ज पसरून सह्या केल्या. त्रेसष्ट भरल्या.

चौसष्टावी ओळ अजून मोकळी आहे. अट फार कडक नाही. कंबर, मान, खांदा, टाच, काहीही चालतं. तुम्हाला सांगितलेला व्यायाम तुम्ही शेवटचा कोणत्या वारी केलात, हे पटकन आठवत असेल तर सही करू नका. नसेल आठवत, तर पेन तिथेच ठेवलेलं आहे.