उपप्राचार्यांचा गोल

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कॉलेजच्या फुटबॉल संघानं एकही गोल मारला नव्हता, कारण कोच सिंधूताईंनी पोरांना गोलकडे बॉल मारूच दिला नव्हता. उपप्राचार्य गिरिधर सर स्टाफरूमच्या खिडकीतून रोज हे बघत आणि हातातला चहा गार करत.

मागच्या वर्षी संघ अकरा-शून्यनं हरला, अर्धी पोरं सोडून गेली. तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेल्या, एकेकाळी राज्याकडून खेळलेल्या सिंधूताईंना सरांनीच घरी जाऊन, हात जोडून आणलं होतं. आता त्या बारा पोरांकडून एकच गोष्ट घोटून घेत होत्या. बॉल एकमेकांना द्यायचा, कोंडी झाली की मागे द्यायचा, गडबड करायची नाही. सर विचारायला गेले की म्हणत, "पाया भरून राहिली, सर. वेळ लागते."

वेळच तर नव्हता. गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी कृष्णकांतजी संस्थेचे अध्यक्ष होते. न जिंकणाऱ्या संघाला मैदान कशाला, डिसेंबरपासून लग्नाचा लॉन करू, असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं. एक मंडपवाला येऊन स्टेज कुठे टाकायचा तेही बघून गेला होता. सरांची झोप उडाली.

अशात मनीषनगरात सकाळी फिरताना त्यांना रामाजी नावाचे गृहस्थ आणि त्यांचा साठीकडे झुकलेला फुटबॉल क्लब दिसला. एकाच्या गुडघ्याला पट्टा, दुसरा प्रत्येक चकरेनंतर बाकावर बसून राहिलेला. सरांना वाटलं, देवच पावला. सिंधूताई भाचीच्या साखरपुड्यासाठी वर्ध्याला जाणार होत्या, तोच रविवार त्यांनी धरला, रामाजींना मैत्रीच्या सामन्याचं आमंत्रण दिलं आणि कृष्णकांतजींना पहिल्या रांगेतली खुर्ची.

रविवारी सकाळी कळलं की गोलकीपर आर्यन सुट्टी म्हणून काटोलला गेलाय आणि आणखी एकाच्या टाचेला फोड आलाय. उरले दहा. अध्यक्षांची गाडी फाटकातून आत आली होती. सरांनी पँटचे पाय मोज्यांत खोचले आणि स्वतः गोलमध्ये जाऊन उभे राहिले.

समोर रामाजींनी पिशवीतून बूट काढले. इतक्या प्रेमानं झिजलेले बूट हौशी माणसाचे नसतात. चौकशी केल्यावर कळलं, या क्लबातले सात जण वीस-वीस वर्षं सरकारी खात्यांच्या संघांतून खेळलेले होते.

म्हातारे धावत नव्हते, पण बॉल बरोबर त्यांच्या पायाशी येत होता. मात्र एकदा तो पोरांच्या हाती लागला की परत मिळत नव्हता. पोरं देत राहिली, घेत राहिली. सर गोलमधून ओरडून गोल मारायला सांगत होते; पोरं आदरानं मान हलवून बॉल मागे देत होती. मध्यंतराला तीन म्हातारे कडुलिंबाखाली आडवे झाले होते. शून्य-शून्य.

उत्तरार्धात सरांना मानेमागे कोणी उभं असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर गोलच्या जाळीमागे साखरपुड्याची पैठणी नेसून सिंधूताई. पोरांचा फोन गेला होता आणि त्या बसस्टँडवरूनच परतल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "समोर पाहा, सर."

दोन मिनिटं उरली होती. तिघांच्या कोंडीत सापडलेल्या विहंगनं शिकवल्याप्रमाणे बॉल मागे, गोलकीपरकडे दिला. सर उचलायला वाकले. आपल्याच खेळाडूनं पायानं दिलेल्या बॉलला गोलकीपरनं हात लावायचा नसतो, असं चार पोरांनी एकदम सांगितलं. सर सरळ झाले. जवळ एकही म्हातारा नव्हता, हळूच बाजूच्या पोराला दिला असता तरी चाललं असतं. पण चार महिन्यांची तगमग त्यांच्या उजव्या पायात उतरली. त्यांनी जीव खाऊन लाथ घातली, बॉल विहंगच्या पाठीवर आदळला आणि सरांच्या डोक्यावरून जाळीत गेला.

सामना संपला. कृष्णकांतजी तरातरा मैदानात आले. सर मान खाली घालून उभे राहिले.

"पोरं तर भारी खेळले गा, गिरिधरराव," अध्यक्ष म्हणाले. "गोल तुम्ही खाल्ला, त्यात त्यांचा काय दोष? आता थांबाचं नाही. मागच्या वर्षी ज्याईनं अकरा मारले, त्याईले पुढच्या रविवारी बोलवा. मी अख्खी गांधीबाग घेऊन येतो."

सरांनी पोरांकडे पाहिलं. ती हरल्याचं विसरून पुन्हा रिंगण करून बॉल एकमेकांना देत होती. पुढच्या रविवारी या पोरांचं काय होईल ते त्यांना स्वच्छ दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा ते अध्यक्षांना नाही म्हणाले. घाई करू नका, पोरं कोवळी आहेत, एवढ्यात मोठ्यांपुढे टाकली तर पुन्हा पळतील, असं बरंच काही ते बोलले, आणि बोलताना आवाज आपलाच आहे का, याची त्यांनाच शंका आली.

"मग किती वर्षं थांबाचं?" कृष्णकांतजींनी विचारलं.

"चार," सर ठामपणे म्हणाले.

अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या, मैदानावरून एकवार नजर फिरवली आणि मंडपवाल्याला नकार कळवतो असं म्हणून गाडीत जाऊन बसले.

गाडी फाटकाबाहेर पडली. मग पदर खोचत सिंधूताई सरांजवळ आल्या.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "मी तर दोनच मागणार होती."