साळवे आप्पांचा सिग्नल

दौंडच्या मैदानावर गाणं रंगात आलेलं असताना तुमच्या छातीवर अचानक लाल उजेड पडला, तर घाबरू नका. तुम्ही शेजाऱ्याशी बोलत होता आणि साळवे आप्पांनी तुम्हाला थांबवलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आप्पा आमचे शेजारी. सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झाली. या हुद्द्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आप्पांना तसं म्हटलं की ते मागे वळून बघतात, दुसरंच कुणी आलं की काय म्हणून. निवृत्तीनंतर त्यांनी बाजारातून लाल-हिरव्या काचेची एक बॅटरी पैदा केली आणि मालगाडीऐवजी श्रोते सांभाळायला घेतले. मी रोज डेमू गाडीने, पास काढून पुण्याला जातो-येतो, म्हणून ते मला ‘पासवाले’ म्हणतात.

हिवाळ्यात मैदानावर गाण्याचा महोत्सव भरतो. वरवंडपासून माणसं येतात. आप्पांच्या सूचना मात्र मांडव उभा राहायच्या आधीच गल्लीत सुरू होतात.

“गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लावायची, म्हंजी सुटल्यावर गोंधळ न्हाई. कानटोपी आणा, पर कान उघडं ठिवा. आन् खायचंच आसंल तर केळं खा, पासवाले. केळ्याला आवाज न्हाई.”

मागे एकदा माझ्या बायकोने चिवडा नेला होता. पुडी फाडल्याबरोबर लाल उजेड पडला. तेव्हापासून आम्ही केळी नेतो.

गाणं चालू असताना उठलेलं त्यांना खपत नाही. “स्टेशन आल्याबिगर उतरतो का मानूस?” टाळ्यांची घाई तर अजिबात नाही. “गाडी पुरती थांबू द्या, मंग वाजवा.” मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढणाऱ्याला ते विचारतात, “मागच्यानं काय तुमचं मनगट बघाया सतरंजी आणलीय व्हय?” पण सगळ्यांत कडक नियम दोन. भोंग्यापुढे बसायचं नाही, आणि गाणाऱ्याबरोबर आपण गायचं नाही. “गाडीला ड्रायव्हर एकच!”

एकदा पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर एक पुढारी फोनवर मोठमोठ्याने बोलत होते. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर लाल ठिपका उमटला. कार्यकर्ते ताडकन उठले. आप्पा जागचे हलले नाहीत.

“सायेब, लाइन एकच हाय. तुमची गाडी सोडायची का त्यांची?”

पुढाऱ्यांनी हसून फोन खिशात टाकला. आम्ही दौंडकर ही गोष्ट पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

आता एक खोड राहिली. आप्पांची सतरंजी चांगली ऐसपैस, पण ते तिच्या कडेला अंग चोरून बसतात. उरलेल्या जागेवर कुणी टेकू लागलं की म्हणतात, “हितं मानूस हाय.” माणूस काही येत नाही. कार्यक्रम संपतो, आप्पा सतरंजी झटकतात आणि घरी जातात.

हा माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी, मार्थामावशी. एके काळी चर्चमध्ये भजनाला त्यांचाच आवाज पुढे असायचा. मग हळूहळू ऐकू येईनासं झालं. कानाला मशीन लावून पाहिलं, त्यात नुसता कलकलाट. तरी मावशी गायच्या. एका रविवारी भजन संपलं, पेटी थांबली, सगळे खाली बसले आणि मावशी डोळे मिटून एकट्याच गात राहिल्या. त्यांना कळलंच नाही. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं, डोळे उघडून वळल्यावर तेवढं मात्र त्यांना दिसलं. त्या दिवसापासून त्यांनी गाणं टाकलं. घरात गुणगुणणंसुद्धा बंद.

“तिची गाडी आउटरला उभी हाय, पासवाले,” आप्पा मला एकदा म्हणाले. “आन् सिग्नल माझ्या हातात न्हाई.” दौंडला स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलला अडकलेल्या गाडीत बसून आमचं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे मला यापुढे काही विचारावं लागलं नाही.

यंदा आप्पा मावशींना घेऊन आले. काय विनवण्या केल्या असतील, कोण जाणे. आल्या आल्या त्यांनी सतरंजी पसरली ती थेट भोंग्यापुढे!

“आप्पा, भोंगा!” मी ओरडलो.

“आसू द्या,” ते म्हणाले. मावशींचा तळहात त्यांनी आपल्या हातात घेतला होता.

ढोलकी सुरू झाली तशी जमीन हादरू लागली. आप्पा मावशींच्या तळहातावर बोटाने ठेका देऊ लागले. दोन-तीन गाणी अशीच गेली. मग एक जुन्या चालीचं भक्तिगीत सुरू झालं. मावशी आधी गाणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहिल्या, मग तळहाताकडे.

“अवो, ही तर आपल्या भजनाची चाल!” त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि गायला लागल्या.

शब्द त्यांच्या भजनाचे, आवाज खणखणीत, सूर गाणाऱ्यापासून बराच लांब. माणसं वळून बघू लागली. मागून एक जण म्हणाला, “ओ मावशी, शूऽऽ!” त्याच्या नाकावर लाल उजेड पडला. मग आप्पांनी काच फिरवली आणि हात उंच करून हिरवा दिवा धरला.

तेवढ्यात मंचावरचं गाणं संपलं. ढोलकी थांबली. मावशी थांबल्या नाहीत. डोळे मिटून त्या गातच होत्या, अगदी त्या रविवारसारख्या. आप्पांनी दिवा खाली घेतला नाही.

ढोलकीवाल्याने त्या हिरव्या उजेडाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि पुन्हा ठेका धरला.

मावशींनी सगळं भजन म्हटलं. माझे हात टाळीसाठी शिवशिवत होते. पण सगळं मैदान आप्पांच्या तालमीत तयार झालेलं. गाडी पुरती थांबेपर्यंत एकानेही टाळी वाजवली नाही.