एक मत, दोन दावेदार

लॉर्ड वेक्सबींना निवडणुकीत एक मत पडलं. मतदार तीन आणि उमेदवार सात, तेव्हा एक मत म्हणजे काही अगदीच नाचक्की नव्हती. नुसत्या बापजाद्यांच्या पदवीवर लॉर्डांच्या सभागृहात जाऊन बसायचे दिवस सरले होते. आता तिथल्या एखाद्या पक्षाच्या गटातली जागा रिकामी झाली, की त्या गटात उरलेल्यांनी बाहेरच्या लॉर्डांतून एकाला निवडायचं. वडिलांच्या बाकावर एकदा तरी बसावं, एवढीच वेक्सबींची आस. ती अपुरीच राहिली. वर एक किडा डोक्यात शिरला. मत दिलं कोणी?

"त्या तिघा मतदारांनाच विचार ना," टोस्टला मार्मालेड फासत त्यांच्या पत्नी हिलरीबाई म्हणाल्या.

विचारावं लागलंच नाही. सकाळीच जुने स्नेही लॉर्ड ट्रेमॉर्न आले. "जेराल्ड, मी माझं काम केलं बरं का. बाकीच्यांचं बाकीच्यांना ठाऊक."

वेक्सबींना भरून आलं. त्यांनी नदीतला ताजा सामन मासा बांधून दिला. दुपारी दुसरे स्नेही लॉर्ड पिंचबी हजर. "ते मत कोणाचं, हे मी सांगायला हवं का?" त्यांनाही मासा गेला.

"एक मत, दोन मासे," हिलरीबाई म्हणाल्या. "एक जण थापा मारतोय."

"पण कोणता?"

"तिसऱ्याला विचार."

"डंक्रॅगला? त्याच्या तोंडी कोण लागतो."

बावीस वर्षांपूर्वी वेक्सबींचा कुत्रा लॉर्ड डंक्रॅगना चावला होता. 'त्या घराण्यात अक्कल काय ती कुत्र्यालाच,' असं ते भर क्लबात म्हणाले, तेव्हापासून अबोला. वेक्सबी त्यांच्याकडे मत मागायलाही गेले नव्हते.

मार्चमध्ये डंक्रॅगच वारले. पुन्हा जागा रिकामी, पुन्हा मतदार तीन: दोघे स्नेही आणि मागचा विजेता.

"एक तर पक्कं आहेच," वेक्सबी म्हणाले. "या वेळी कळेलच कोण खरा ते." मासे गेले, जेवणावळी झाल्या, दोघांनीही पाठ थोपटली.

निकाल लागला. वेक्सबींना शून्य.

ते कागद धरून बसून राहिले. "ट्रेमॉर्न नाही. पिंचबीही नाही. मग मागच्या वेळी..." त्यांनी कागद खाली ठेवला. "डंक्रॅगनं का दिलं असेल गं?"

"समोरासमोर भांडायला कोणी तरी हवं असेल बिचाऱ्याला."

"मी त्याच्या दफनालाही गेलो नाही," वेक्सबी म्हणाले.