निघण्याआधीच पोचलेले खंडोजीराव

"चाळीस जणांचा निकाल? चाळीस सेकंदांत लावते! तुम्ही नुसती टाळ्यांची तयारी करा!"

असं म्हणून दहावीतल्या वर्षिणीनं लॅपटॉप उघडला. भटजींनी पोथी उघडावी तशा थाटात!

म्हैसूरातल्या मराठी घरांची चालण्याची स्पर्धा होती ती. कुक्करहळ्ळी तळ्याला एक फेरी. जमेल तेव्हा निघा, निघाल्याची नि पोचल्याची वेळ लिहून द्या. सगळ्यांत कमी वेळ, त्याला कप! वर्षिणीनं वेळा एक्सेलमध्ये भरल्या, पोचल्यातून निघाल्याची वजा केली, कमी वेळवाला वर येईल अशी यादी लावली आणि वेळेचा रकाना न बघताच माइक उचलला.

"पहिले... खंडोजीरावकाका!"

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या! खंडोजीराव म्हणजे शंभर किलोंचा सज्जनपणा. तीन महिने रोज पाचला उठून चालणाऱ्या विशालाक्षीकाकू तर कप घ्यायला अर्ध्या उठल्यासुद्धा होत्या.

"अय्यो! हे तर तळ्याकाठी बाकावर डुलक्या काढत होते कणे! भाजी घेऊन येताना मी बघितलं!" त्या कानडी हेलात ओरडल्या.

"रक्तातच आहे हो," खंडोजीराव गळ्यात हार घालून घेत म्हणाले. "आमचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते!"

"मग घोडं आणलं होतंत काय?" काकू कडाडल्या. "वर्षिणी, यांना किती वेळ लागला ते सांग आधी!"

वर्षिणीनं रकाना बघितला. #######. आकडा कुठला, नुसतं कुंपण! तिनं रकाना रुंद केला. कुंपण लांबलं. आणखी रुंद केला. कुंपण पार गावाबाहेर हिनकलपर्यंत गेलं, पण आकडा दिसेना! तिनं काकांच्या वेळा बघितल्या. काका निघाले ११:५०. पोचले १:२०.

दुपारचे १:२०! पण दुपार आहे हे मशीनला सांगितलं कुणी? त्यानं आपले रात्रीचे धरले आणि काका निघायच्या साडेदहा तास आधीच पोचले! शून्याहून कमी वेळ! पहिला नंबर येणार नाही तर काय!

"चूक... माझी," ती माइकमध्ये पुटपुटली. "तेरा वीस लिहायला पाहिजे होतं. मशीननं काकांना निघायच्या साडेदहा तास आधीच पोचवलं. काकांना दीड तास लागला. ते... शेवटून पहिले. पहिल्या काकू, चव्वेचाळीस मिनिटं!"

"साडेदहा तास आधी?" खंडोजीरावांनी हार काही काढला नाही. "मग माझ्या आधी पोचलेला कोण, दाखवा की!"

हॉल हसून हसून आडवा! फक्त मराठी मंडळाचे अध्यक्ष अंबाजीराव हसले नाहीत. त्यांनी कप उचलून काखेत मारला.

"आता मशीन बंद. चाळीसच्या चाळीस वेळा परत काढ. बोटांवर! मगच कप."

"सात पाच ते आठ पाच एक तास, त्यातून मागं..." वर्षिणी मोजू लागली. सातव्या माणसापाशी तिची दहाही बोटं एकमेकांत अडकली.

विशालाक्षीकाकूंनी खुर्ची ओढली आणि आपले दोन्ही पंजे टेबलावर पसरले.

"घे, ही आणखी दहा! कमी पडली तर खंडोजीरावांची मागू. पण कप आज माझ्या घरी गेला पाहिजे, सांगून ठेवते!"