सोवनीकाकांच्या गुरूंचं नाव

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून प्लंबर आला, तेव्हा सोवनीकाका आमच्याकडे चहाला बसले होते. प्लंबरनं पिशवीतून पाना काढला, तेवढ्यात काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"बेटा, किसके हाथ के नीचे तयार हुए?"

प्लंबर बिचारा स्वतःच्या हाताकडे बघायला लागला. काकांचं हिंदी असंच होतं, मराठीला नुसता फेटा बांधलेला. मी मध्ये पडले. "गुरु कौन है तुम्हारा, ये पूछ रहे हैं."

"जी, ताऊजी."

"वाह! ताऊजी का हाथ कैसा था?"

"भारी था जी. बहुत पीटते थे."

काकांचं समाधान झालं. "करू द्या त्याला, वहिनी," ते मला म्हणाले आणि पुन्हा चहाकडे वळले.

केबलवाला, न्हावी, गाडी शिकवणारा सरदारजी, कुणालाही या प्रश्नातून सुटका नव्हती. दाढ काढायला गेले तर आ करण्याच्या आधी त्यांनी डॉक्टरांनाच गुरू विचारला. डॉक्टरांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं. काकांनी ते चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, "कागज दिख गया. आदमी कौन?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं आपल्या प्रोफेसरांचं नाव सांगितलं, त्यांच्या दोन आठवणीही सांगितल्या, आणि मगच काकांनी आपली दाढ त्याच्या हवाली केली.

हे सगळं आम्ही यमुनापार राहायला आलो त्यानंतरचं. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही सोसायटीत स्वतःचा फ्लॅट घेतला, तेव्हा आजूबाजूला निम्म्या इमारती आणि निम्मे खड्डे होते. दिल्लीत तेव्हा रोज काहीतरी नवीन येत होतं. टीव्हीवर परदेशी चॅनल, बाजारात परदेशी बिस्किटं, खाली पार्किंगमध्ये मारुत्या. फक्त वीज येत नव्हती. अशा त्या वस्तीत आम्ही चार मराठी घरांनी मिळून सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर रविवारी संगीतशाळा सुरू केली. मुलं मराठी विसरत चालली होती, निदान सूर तरी लक्षात ठेवतील असा विचार होता. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून सर्वानुमते मला सेक्रेटरी केलं.

शिक्षक तीन मिळाले, तिघेही गाण्याबजावण्यावर पोट असलेले. वसईचे डिमेलोसर कीबोर्ड शिकवत. त्यांचं सारं आयुष्य एका फाइव्ह स्टार हॉटेलात पियानो वाजवण्यात गेलं होतं. "मी वाजवायचो, लोक सूप प्यायचे," ते सांगत, "टाळी एकदाच मिळाली, तीही वेटरच्या हातून ट्रे पडला म्हणून." मुजावरभाई मिरजेचे, सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरातले. घरात सगळी तारांची कामं, आणि हे तबल्याच्या नादी लागले. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, "याला बडवायलाच आवडतं."

आणि गायनाला सोवनीकाका. नाटक कंपनीचे ऑर्गनवादक म्हणून ते तरुणपणी दिल्लीला आले. कंपनीचा दौरा इथेच आटोपला आणि कंपनीही. मग कोपर्निकस मार्गाच्या आसपासच्या नाचाच्या क्लासेसमध्ये ते हार्मोनियमवर लेहरा धरायला लागले. लेहरा म्हणजे एकच सुरावट, पुन्हा पुन्हा, नाचणारीचा हिशेब चुकू नये म्हणून. "मुली गरागरा फिरतात आणि मी तिथल्या तिथे," ते म्हणत. लग्न केलं नाही. मयूर विहारला एका खोलीत राहत, दुपारी सरकारी अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये वरणभात जेवत.

कान मात्र असा की विचारू नका. आमचा फ्रिज सुरू झाला की ते त्याच्या घरघरीची पट्टी सांगत, "पांढरी पाच." वीज गेली आणि सोसायटीचा जनरेटर धडधडायला लागला की सगळे कपाळाला हात लावत, काका तंबोरा त्याच्या सुरात लावून घेत आणि मुलांना म्हणत, "आज याच्याबरोबर गायचं. याचा सूर पक्का आहे, हा तुमच्यासारखा हलत नाही." मुजावरभाई एकदा मला म्हणाले, "वहिनी, मास्तर झोपेतसुद्धा सुराला चुकायचे नाहीत."

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मार्केटमध्ये एक नवी म्युझिक अकॅडमी निघाली. तिथे एसी होता आणि काचेच्या दारावर परदेशी परीक्षांची नावं होती. आमच्या पालकांची चुळबुळ सुरू झाली. "सर का बैकग्राउंड क्या है?" त्या दिवसांत जो तो बॅकग्राउंड विचारत होता. जावयाचं, कंपनीचं, मोलकरणीचंसुद्धा.

आमचे प्रेसिडेंट खुराना साहेब मनानं मोठे आणि आवाजानंही. त्यांनी तोडगा काढला. वार्षिक कार्यक्रमाच्या आत हॉलबाहेर मोठा बोर्ड लावायचा, त्यावर शिक्षकांची नावं आणि प्रत्येकाच्या खाली बॅकग्राउंड. पेंटर आला. डिमेलोसरांच्या खाली 'फाइव्ह स्टार हॉटेल' आलं. मुजावरभाईंच्या खाली 'मिरज'. हा शब्द खुराना साहेबांना एवढा आवडला की तो सगळ्यात मोठ्या अक्षरांत काढला गेला. सोवनीकाकांचं नाव लिहून पेंटर थांबला.

"गुरुजी का नाम?" त्यानं विचारलं.

"बाद में देखेंगे," काका म्हणाले आणि पायऱ्या उतरून चालू लागले.

मी बघतच राहिले. जगाला गुरू विचारत फिरणारा हा माणूस, आणि स्वतःवर वेळ आली तर पळून गेला!

खुराना साहेब आठवडाभर वाट बघून माझ्याकडे आले. "भाभीजी, डिग्री नहीं है, चलो, कोई बात नहीं. गुरु का नाम तो बता दें. पेरेंट्स करोल बाग वाली मैडम को लाने को बोल रहे हैं. एम. ए. हैं. फंक्शन तक नाम नहीं आया तो मेरे हाथ में कुछ नहीं."

मला वाईट वाटलं. काकांना तो रविवार म्हणजे काय होता ते मी बघत होते. हॉल उघडायच्या आधीच ते इस्त्रीचा झब्बा घालून पायरीवर येऊन बसत. बाकी आठवडाभर ते दुसऱ्यांच्या पायांसाठी वाजवत, गळा उघडायला मिळे तो इथेच. मी शंकरपाळ्यांचा डबा घेतला आणि त्यांच्या खोलीवर गेले.

"काका, नाव सांगून टाका ना. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

काकांनी शंकरपाळ्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही तसेच ठेवून दिले. "मला गुरू नाही, वहिनी. गुरू अक्काला होते."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सांगलीला असताना तिला एका मोठ्या गुरुजींकडे गाणं शिकायला पाठवलं, पण वडिलांची अट अशी की मुलगी एकटी जाणार नाही, सोबत धाकटा भाऊ जाईल. तेव्हा मुली अशाच शिकायच्या. भावानं उंबऱ्याशी बसायचं, पाढे लिहायचे, आणि संपलं की बहिणीला घेऊन घरी यायचं. काका वर्षानुवर्षं त्या उंबऱ्याशी बसले. गुरुजींनी त्यांना एक सूर शिकवला नाही. पण परत येताना वाटेत अक्का म्हणायची, "विनू, आजचं म्हण बघू." तिला उजळणी हवी असायची. हा म्हणायचा, चुकायचा, ती थांबवायची आणि पुन्हा म्हणून दाखवायची.

"गंडा तिला बांधला. तालीम तिला मिळाली. मग स्थळ आलं दिल्लीचं, चांगल्या नोकरीतलं. बघायच्या दिवशी सांगितलं, 'मुलीला थोडी भजनं येतात.' सासरी तेही नको होतं. लग्नात तिनं मला बाजूला घेऊन बजावलं, विनू, माझ्या गाण्याचं कुठे बोलू नकोस. तिच्या मुलाला अजून माहीत नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. "गुरुजींचं नाव लावायचा मला हक्क नाही, आणि जिचं लावायचं तिनं तोंड बंद केलंय. आता सांगा, पेंटरला काय देऊ?"

अक्का राहत होत्या दिल्लीतच, हिंदूरावला, मुलाकडे. मी म्हटलं, उद्याच जाऊ आणि विचारू. काका एकटे जायला तयार नव्हते. साठी उलटलेला माणूस, पण मोठ्या बहिणीला विचारायचं म्हणून त्यांना सोबत हवी होती.

अक्का ठेंगण्या, गोऱ्या, चांगल्याच कडक. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी आम्हाला थालीपीठ वाढलं आणि भावाला म्हणाल्या, "वाळलायस." काका मान खाली घालून खात होते. तिथे मिक्सर दुरुस्त करायला एक माणूस आला होता. काकांनी मूळ विषय सोडून त्याला गुरू विचारला. शेवटी माझाच धीर सुटला आणि मी बोर्ड, खुराना साहेब, करोल बागच्या मॅडम, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. "मग लाव की गुरुजींचं नाव. त्यांचंच आहे ना ते?"

"त्यांनी मला शिकवलं नाही, अक्का. तू शिकवलंस."

"मी कसली शिकवतेय! वाटेत बडबड केली ती."

"तेवढीच माझी तालीम," काका म्हणाले. "मी खोटं नाव लावणार नाही. क्लास गेला तर गेला."

अक्कांनी उलथनं उचललं. मग तव्याकडे वळून म्हणाल्या, "तर मग माझं लाव. आता कोण रागवायचं राहिलंय?"

आतून सूनबाई बाहेर आली. "आई, तुम्ही गात होतात?"

"गात होते. तू आधी लोणी आण."

बोर्डावर शेवटी लिहिलं गेलं, 'गुरू : श्रीमती मनोरमा दातार, सांगली'. खुराना साहेबांनी ते वाचून मला विचारलं, "भाभीजी, ये कौन सा घराना है?" मी म्हटलं, "बहुत पुराना." ते खूश झाले. पालकांमधले दोघेतिघे मात्र अजून साशंक होते. नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. कार्यक्रमात काय होतंय ते बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

कार्यक्रमाला अक्का आल्या. काठापदराची साडी, सोबत मुलगा श्रीकांत आणि सून. श्रीकांतला आपल्याला इथे का आणलंय ते नीटसं माहीत नव्हतं. मामाचं गाणं आहे एवढंच ठाऊक होतं. सुनेला अक्कांनी बोलू दिलं नव्हतं आणि कॅमेरा सांभाळण्याच्या नादात त्यानं बाहेरचा बोर्ड वाचला नव्हता. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत अक्का ताठ बसल्या. मुलांची गाणी झाली, डिमेलोसरांच्या पोरांनी कीबोर्ड वाजवला, आणि मग काका हार्मोनियम घेऊन बसले. मुजावरभाई तबल्यावर. काकांनी कानाची पाळी धरून गुरूंचं नाव घेतलं, 'मनोरमाबाई', आणि अक्कांकडे बघून नमस्कार केला. अक्कांनी पदर सारखा केला आणि इकडेतिकडे बघितलं.

यमन सुरू झाला. दहाएक मिनिटं फार सुंदर चाललं होतं, साशंक पालकही माना डोलवत होते. आणि मग वरून खाली येताना काकांनी एक जागा घेतली आणि ती चक्क चुकली. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. मुजावरभाईंनी दचकून वर पाहिलं. एम. ए. वाल्या मॅडम मला दारात उभ्या दिसायला लागल्या.

"थांब," पहिल्या रांगेतून आवाज आला. "असं नाही ते. हे बघ."

आणि अक्कांनी ती जागा म्हणून दाखवली. आवाज वयानं घोगरा झालेला, दम अपुरा. पण तो सूर असा सरळ खाली आला आणि जिथे टेकायचा तिथे टेकला की हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. श्रीकांत व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावून होता, त्यानं तो खाली घेतला आणि आईकडे बघितलं.

"यही गुरुजी हैं?" खुराना साहेबांनी मला विचारलं. त्यांच्या मानानं फारच हळू.

काकांनी मान डोलावली, ती जागा पुन्हा घेतली, पुन्हा चुकले.

"अरे विनू!" अक्का खुर्चीच्या कडेला सरकल्या. या वेळी त्यांनी बरंच आधीपासून धरलं, सावकाश, एक हात मांडीवर आपटत. काका पुन्हा चुकले. आता अक्कांना राहवेना. त्या भावासाठी थांबल्याच नाहीत. म्हणत पुढे निघाल्या, डोळे मिटून, मुलगा, सून, अख्खी सोसायटी समोर आहे हे विसरून.

"मास्तर आज सारखे चुकतायत," डिमेलोसर माझ्या कानाशी कुजबुजले.

मी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चुकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. ते पुढे गायलेच नाहीत. तोंड मिटून घेतलं, आणि अक्का म्हणत होत्या तोवर हार्मोनियमवर त्यांना साथ करत राहिले.